सोडलेले अन्न आणि लपवलेले अन्न



विहारात आपण शील-समाधी-प्रज्ञेवर बोलतो, शिक्षणावर बोलतो, नोकऱ्यांवर आणि राजकारणावर तर तासन्‌तास बोलतो. परंतु आपल्या आजा-पणजाच्या चुलीवर काय शिजत होते, या विषयावर सहसा कोणी तोंड उघडत नाही. कोणी उघडलेच तर माणसे एकमेकांकडे पाहतात आणि विषय बदलतात. आज तोच विषय मुद्दाम आपल्यापुढे मांडत आहे, कारण माझ्या मते हा नीतीचा प्रश्न आहे. ज्या अन्नाचा आपण त्याग केला, त्याची आठवण, त्याची नावे, त्याच्या रीती यांचाही त्याग करणे धम्माला आवश्यक आहे काय? की सोडणे वेगळे आणि लपवणे वेगळे?

हा प्रश्न मनात येण्याचे कारण एक पुस्तक झाले. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही आला. मराठवाड्यातील महार आणि मांग समाज काय खात होता, कसे शिजवत होता, कोणत्या अडचणीत शिजवत होता, हे त्यात पाककृतींसह लिहिले आहे. शीर्षकातच पूर्णब्रह्माचे अपूर्णब्रह्म केले आहे, ते का हे पुस्तक वाचताना पानोपानी कळते. ज्यांच्या ताटात अन्न कधी पूर्ण पडलेच नाही, त्यांना ते पूर्णब्रह्म कोणत्या तोंडाने सांगायचे? त्यातील पुष्कळ पाककृतींत तेल जेमतेम, तूप नाहीच, दूध नाहीच. रक्ती आहे, वजडी आहे, मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या आहेत.

या पुस्तकाविषयी मी आमच्या मुर्रीत चार सुशिक्षित माणसांत बोललो, तेव्हा एका सेवानिवृत्त गृहस्थांनी मला थांबविले. ते म्हणाले, “सर, बाबासाहेबांनी जे टाकायला लावलं, ते तुम्ही पुन्हा ताटात कशाला वाढता?” त्यांचा राग प्रामाणिक होता. ज्या पिढीने ते अन्न टाकण्यासाठी घरात भांडणे केली, गावाचा रोष पत्करला, बलुत्यावर पाणी सोडले, त्या पिढीची मुले अशा पुस्तकाने दुखावली जाणे स्वाभाविक आहे. म्हणून या आक्षेपाला उडवाउडवीचे उत्तर देऊन चालणार नाही.

बाबासाहेबांनी नेमके काय टाकायला सांगितले, हे आधी पाहू. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. पण त्याच परिषदेत मृत जनावराचे मांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी दारोदार फिरणे सोडा, असा उपदेश झाला, हे आपण तितक्या अगत्याने सांगत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला जमलेल्या स्त्रियांनाही त्यांनी घरात मृतमांस येऊ देऊ नका असे बजावले. यामागचा विचार स्वच्छ आहे. मेलेले जनावर ओढणे हे महाराचे गावकीचे काम, आणि त्याचे मांस हा त्या कामाचा मोबदला. मोबदला स्वीकारला की काम गळ्यात, आणि काम गळ्यात आले की अस्पृश्यता कपाळावर. तेव्हा सोडायचा होता तो हा व्यवहार. मांसाची चव किंवा ते शिजविणाऱ्या बाईचे कसब यांचा तेथे प्रश्नच नव्हता.

आणि बाबासाहेबांनी हा विषय कधी लपविला काय? १५ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे भाषण काढून वाचा. आदल्या दिवशी लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतलेली. अशा मंगल प्रसंगी एखाद्या पुढाऱ्याने गोड गोड बोलून वेळ साजरी केली असती. बाबासाहेब मात्र मेलेल्या गुरांच्या मांसावर बोलले. मृत जनावरे ओढणे सोडल्याने महारांचे शिंगाखुरांचे आणि कातड्याचे किती रुपयांचे नुकसान होईल, याचा हिशेब पूर्वी ‘केसरी’त कोणी मांडला होता, त्याचा त्यांनी भर सभेत समाचार घेतला. त्याआधी, १९४८ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या उत्पत्तीवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला आणि त्यात गोमांसभक्षणाचा प्रश्न मध्यभागी ठेवला. १९११ च्या जनगणनेच्या वेळी स्पृश्य-अस्पृश्य निराळे मोजण्यासाठी ज्या दहा कसोट्या लावल्या, त्यांत गोमांस खाणे ही एक कसोटी होती, हे त्यांनी त्या ग्रंथात दाखवून दिले. जे ताटात होते त्यावरून माणसाची जात सरकारदरबारी नोंदली गेली! एकेकाळी ब्राह्मणही गोमांस खात होते, बौद्ध धम्माशी झालेल्या झगड्यात त्यांनी ते सोडले, आणि जे पराभूत व बहिष्कृत होते त्यांच्या वाट्याला मेलेल्या गाईचे मांस राहिले, अशी त्यांची मांडणी आहे. ती मान्य करा अथवा तिच्यावर वाद घाला. परंतु एवढे कबूल करावेच लागेल की हे खाणे लाजेने झाकून ठेवण्याजोगे आहे असे त्यांना वाटले नाही. त्यांनी ते सोडायला लावले आणि त्याचा इतिहासही लिहिला. आपण पहिली गोष्ट केली. दुसरी करायला लाजतो.

ही लाज आली कोठून? मला वाटते, तिचा एक उगम छापील पाकशास्त्रात आहे. मराठीतील पाककृतींची पुस्तके जुनी आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चे. आणि १९७० मध्ये आलेली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ तर घरोघरी गेली, लग्न झालेल्या मुलींच्या पेटीत गेली. कमलाबाईंनी वाटी-चमच्याचे माप देऊन नवशिक्या मुलींची मोठी सोय केली, त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. त्यांनी आपल्या घरात आणि आपल्या ओळखीच्या घरांत जे शिजत होते ते लिहिले. त्यात त्यांचा काही अपराध नाही. परंतु अशी शंभर पुस्तके एकाच बाजूच्या घरांतून येतात आणि दुसऱ्या बाजूने एकही येत नाही, तेव्हा वाचकाच्या मनात आपोआप एक समजूत पक्की होते की ‘महाराष्ट्रीय जेवण’ म्हणजे हेच. बाकीचे जे काही आहे ते जेवण नव्हे, ती नुसती पोटाची सोय. पहिल्या पिढीत शिकलेली आपली मुलगी संसार मांडते, तेव्हा ती पुस्तक पाहून अळूवडी शिकते आणि आजीची वजडी विसरते. तिने अळूवडी जरूर शिकावी, चांगली लागते! पण आजीची रीत कोणत्या पुस्तकात आहे, असे तिने विचारले तर आपण काय दाखविणार?

आपले अन्न मराठी साहित्यात आले नाही असे नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ त्याच दशकात. या पुस्तकांतून आपली भूक आली, शिळे तुकडे आले, वाटणीची भांडणे आली. पण ते अन्न तेथे साक्षीदार म्हणून आले, जसा कोर्टात साक्षीदार येतो. ते पदार्थ म्हणून आले नाही. ते कसे निवडले, किती वेळ धुतले, कोणती वस्तू आधी टाकली आणि कोणती नंतर, हे कोणी विचारले नाही. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ मध्ये दलितांच्या अन्नविषयक आठवणींवर एक पुस्तिका काढली, तिने आणि पुढे पाटोळ्यांनी ही उणीव भरून काढायला सुरुवात केली. सुरुवातच म्हणतो, कारण मराठवाड्याचे झाले तरी आमच्या झाडीपट्टीचे अजून व्हायचे आहे.

आता धम्माकडे वळू. काही उपासक म्हणतात की बौद्धाने मुळात मांसाची चर्चाच करू नये, कारण आपण प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा घेतली आहे. प्रतिज्ञा खरी आहे. परंतु तिच्या आडून वैदिकांचा विटाळ आपल्या घरात येऊ नये, याची काळजी घेतली पाहिजे. भगवान बुद्धांनी भिक्खूंना मांस सरसकट वर्ज्य केले नाही. आपल्यासाठी मारले असे पाहिले नाही, ऐकले नाही आणि तशी शंकाही नाही, तर भिक्षापात्रात पडलेले मांस घेण्यास हरकत नाही, असे जीवकाला सांगितल्याचे मज्झिम निकायात आहे. देवदत्ताने मासे-मांस कायमचे बंद करा अशी मागणी केली, ती तथागतांनी मान्य केली नाही. सुत्तनिपातातील आमगंध सुत्तात तर हाच वाद आहे: दुर्गंध कशाचा? मांसाचा की वर्तनाचा? तेथील उत्तर असे की हिंसा, चोरी, खोटे बोलणे, फसवणूक, निर्दयपणा यांचा दुर्गंध येतो. मांस खाण्याचा नव्हे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा असा भेद केला आहे, तोही येथे ध्यानात घ्यावा. ज्याला स्वखुशीने शाकाहार पाळायचा असेल त्याने तो अवश्य पाळावा. आमच्या घरातही एक जण पाळतो. मात्र शाकाहारी असल्याने आपण शेजाऱ्यापेक्षा शुद्ध झालो असे ज्या दिवशी वाटू लागेल, त्या दिवशी जुन्या धर्माचा सोवळ्याचा पाट आपण विहारात आणून मांडला असे समजावे.

याहूनही एक मोठी गोष्ट आहे, आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. तथागतांचे शेवटचे भोजन पावा येथे चुंदाच्या घरी झाले. चुंद लोहाराचा मुलगा. त्याने सूकरमद्दव वाढले. ते डुकराचे मांस होते की एखादी अळिंबी होती, यावर विद्वान अजून वाद घालतात; त्यांना घालू द्या. त्या भोजनानंतर तथागतांना असह्य वेदना झाल्या. अशा अवस्थेत त्यांना चिंता कशाची वाटली? लोक चुंदाला दोष देतील, चुंद स्वतःला दोष देईल, याची. त्यांनी आनंदाला सांगून ठेवले की चुंदाच्या मनातील खेद दूर करा. बोधीपूर्वी मिळालेले भोजन आणि हे शेवटचे भोजन, दोन्ही सारख्याच पुण्याची आहेत असे त्याला सांगा. सुजातेची खीर आपण वैशाख पौर्णिमेला मोठ्या प्रेमाने वाटतो. चुंदाचे नाव त्या दिवशी कोणी घेते काय? ज्या हाताने वाढले त्या हाताला लाज वाटू नये, ही तथागतांनी शेवटच्या दिवशी घेतलेली काळजी आहे. आपल्या आजीने जे मिळाले ते शिजवून मुले जगविली. तिच्या त्या अन्नाचे नाव आपण चारचौघांत घेत नाही, तेव्हा तिच्या पदरात आपण काय टाकतो, याचा विचार करा.

केवळ भावनेने हे बोलत नाही. या रीतींत ज्ञान आहे, आणि त्याचे एक उदाहरण आमच्याच भागातले देतो. आमचे मुर्री गाव गोंदिया शहराला लागून आहे. चहूकडे धानाची शेती आणि शहरात धानाच्या गिरण्या. या पट्ट्यात धान कापणीला येण्याआधी बांधीतल्या ओलीवर लाखोरी फेकतात. ना नांगरट, ना ओलीत, दवावर पीक येते. म्हणून ही गरिबाची डाळ. परंतु या डाळीत एक विषारी द्रव्य असते. दुष्काळात महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली की माणसाचे पाय लुळे पडतात आणि ते पुन्हा बरे होत नाहीत. मध्य प्रदेशात रीवा-सतना भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जाई आणि तेथे अशी पांगळी माणसे मोठ्या संख्येने आढळली. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने पुढे, २००८ मध्ये, ती उठविली. बंदीच्या काळातही आमच्याकडे ती पिकत होती आणि लोक खात होते, कारण दुसरी डाळ घेण्याची ऐपत नव्हती.

आता पाहा. आमच्याकडच्या जुन्या बायका लाखोरी गरम पाण्यात भिजत घालत, ते पाणी फेकून देत, पुन्हा भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी ओतून देत, आणि ती एकटी न शिजवता दुसऱ्या धान्याबरोबर, भाजीपाल्याबरोबर शिजवत. भिजवून-उकळून पाणी टाकून दिले की त्या द्रव्याचा बराच अंश निघून जातो, हे शास्त्रज्ञांनीही प्रयोगशाळेत तपासून सांगितले आहे. माझ्या माहितीतील त्या बायकांपैकी एकही शाळेत गेलेली नव्हती. पुरणाच्या डाळीचा कट काढून आमटी कशी करावी हे पुस्तकात छापून येते, आणि लाखोरीचे पाणी का फेकावे हे छापून येत नाही. या दोन पाण्यांपैकी कोणते पाणी माणसाच्या पायांवर बेतणारे होते?

लाखोरीसारख्या कितीतरी गोष्टी आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी उगवणारा तरोटा, त्याची कोवळी पाने कोणत्या दिवसांपर्यंत खावी आणि केव्हा सोडावी. बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, किती वेळा उकळून त्यांचा कडूपणा काढावा. मोहाची फुले वाळवून पुढच्या टंचाईसाठी कशी राखावी. तळ्यातले झिंगे भाजावेत कसे की वाटल्यावर त्यांची कचकच दाताखाली येऊ नये. गिरणीतून आणलेल्या कणीचा भात गिजगिजीत होऊ न देण्याची युक्ती काय. यांतले पुष्कळसे केवळ आपल्याच समाजाचे नाही. गोंडांचे आहे, ढिवरांचे आहे, कुणब्यांच्या गरीब घरांचेही आहे. म्हणजे गरिबीच्या चुलीला जात आपल्याला वाटते तितकी घट्ट चिकटलेली नव्हती, आणि हेही लिहून ठेवण्याजोगे आहे.

मी शिक्षक असल्याने माझ्यासमोर हा प्रश्न वर्गात उभा राहतो. सातवीच्या मुलांना एकदा ‘माझा आवडता पदार्थ’ या विषयावर निबंध लिहायला दिला. निम्म्याहून अधिक वह्यांत पुरणपोळी किंवा श्रीखंड होते, आणि ज्यांच्या घरी श्रीखंड कधी आले नाही त्यांच्या वह्यांतही होते. एका मुलीने आधी ‘झिंग्याची चटणी’ असे लिहिले होते. मग ते खोडून तिने ‘श्रीखंड’ लिहिले. खोडलेली अक्षरे सहज वाचता येत होती. तिला कोणीही काही म्हटलेले नव्हते. ती बारा वर्षांची मुलगी, तिला कोणत्या जनगणनेने कसोटी लावली?

शाळेच्या शिजविलेल्या आहाराचीही हीच गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि २० एप्रिल २००४ रोजी स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित व आदिवासींना अग्रक्रम द्यावा असे सांगितले. एकाच पंगतीत, एकाच हाताचे अन्न सर्व जातींच्या मुलांनी खाणे, यात केवढी शक्ती आहे ते बाबासाहेबांच्या वाचकाला सांगावे लागू नये. पण त्या ताटात काय पडावे, हे ठरविण्याची वेळ आली की पुन्हा जुनी तराजू बाहेर निघते. आपल्या राज्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलांना आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरले, न खाणाऱ्यांना केळे. सोय दोघांचीही होती. तरी विरोध झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांसाठीचा निधी थांबविला. हवे तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. अंडे ही माझ्या वर्गातील कित्येक मुलांना परवडणारी एकमेव पौष्टिक वस्तू. त्यांच्या आयांना कोणी विचारले नाही. याच न्यायाने २०१५ च्या मार्चमध्ये गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली, तेव्हा स्वस्त मांस ज्यांच्या ताटातून गेले त्यांना कोणी विचारले नव्हते. पाटोळ्यांचे पुस्तक त्याच वर्षीचे आहे. जो समाज आपल्या अन्नाचे नाव घ्यायला लाजतो, त्याच्या ताटातील वस्तू काढून घेणे फार सोपे असते. तो तक्रार तरी कोणत्या शब्दांत करणार?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अलीकडे मोठ्या शहरांत जुन्या गरीब अन्नाला भाव आला आहे. ज्वारीची भाकर, रानभाज्या, आंबील यांना हॉटेलात मान मिळतो. उद्या चान्यांनाही मिळेल. एखादा हौशी मनुष्य मातीच्या वाडग्यात त्या घालून त्यांचे फोटो काढील, आणि त्या का वाळवाव्या लागल्या हे त्याला ठाऊक नसेल. गावात एकदम एक जनावर मेले, सगळे मांस एका दिवसात खाणे शक्य नाही, पुढचे जनावर केव्हा मरेल ठाऊक नाही, म्हणून पट्ट्या कापून दोरीवर वाळत घातल्या. हे कारण गाळून नुसती कृती छापली तर ती चोरीच होईल, मग छापणारा आपला असो की परका. भुकेचे कौतुक करू नये. दोन्ही आयुष्ये पाहिलेली माणसे असे कौतुक करीतही नाहीत.

आमच्या वस्तीतील एका वृद्ध बाईकडे मी वही घेऊन गेलो, तेव्हा तिने पहिला प्रश्न केला, “मास्तर, हे काहून लिवता जी? खाल्लं ते खाल्लं. आता पोरं सुखात हायेत.” मी तिला लाखोरीच्या पाण्याचे विचारले. ती दोन घटका बोलत राहिली. मग चान्यांचे विचारले, तेव्हा तिने आधी दाराकडे पाहिले. सून बाहेर गेली आहे याची खात्री करून तिने सांगितले: मीठ किती, हळद लावायची की नाही, माशी बसू नये म्हणून काय करायचे. सांगताना तिच्या बोलण्यात कोठे संकोच नव्हता; एखादा सुतार आपल्या हत्यारांबद्दल बोलतो तसे ती बोलत होती. संकोच फक्त त्या दाराकडे पाहण्यात होता. तिने ते मांस दीक्षेनंतर, लग्न होऊन सासरी आल्यावर, कायमचे सोडले. सोडल्याचे तिला दुःख नाही. कोणी विचारल्याचे मात्र तिला बरे वाटले, असे मला दिसले.

वाचकांना माझी विनंती आहे ती याच कामाची. आपल्या घरात सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसे असतील, तर यंदाच्या वर्षावासात एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि त्यांना विचारा. नुसती कृती विचारू नका. वस्तू कोठून येत होती? मजुरी म्हणून, बलुते म्हणून, जंगलातून, की धान कापल्यावर बांधीत राहिलेला सरवा वेचून? कोण आणत होते, घरात शेवटी कोण जेवत होते आणि तिला काय उरत होते? एखादी वस्तू कधी सोडली, कोणाच्या सांगण्यावरून सोडली, सोडताना घरात काय बोलणे झाले? माप मुठीत आणि ओंजळीत सांगतील, तसेच लिहा. वाटीत बदलू नका. बोलीतला शब्द पुस्तकी शब्दाने दुरुस्त करू नका. सांगणारीने नाव नको म्हटले तर नाव घालू नका. आणि शक्य असेल तर ही वही लिहिण्याचे काम घरातल्या शाळकरी मुलीला द्या, तिचे अक्षर आपल्यापेक्षा चांगले असते.

वह्या भरल्या की आपापल्या विहाराच्या ग्रंथालयात त्यांची एकेक प्रत ठेवावी. मुर्रीतील पहिली वही आतापर्यंत एकतीस पानांपर्यंत आली आहे. त्यात लाखोरीचीच चार पाने आहेत, कारण पाणी किती वेळा फेकायचे यावर तीन म्हाताऱ्यांचे अजून एकमत झालेले नाही.